कॅसेट व रेकॉर्डचे घरगुती डिजिटायझेशन (कोकण किनारा)

घरातल्या जुन्या कॅसेट आणि रेकॉर्ड वाजवून त्यांतला आवाज संगणकात फाइलच्या रूपात उतरवून घेण्याची पद्धत. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणलेली कॅसेट १९८० च्या दशकात भारतात घरोघरी पोचली. कोकणात चाकरमान्यांनी मुंबईहून आणि आखातात गेलेल्यांनी तिकडून आणलेल्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर) सिंधुदुर्गातले दशावतार, भजनांच्या डबलबाऱ्या (दोन बुवांचे सामने), रत्नागिरीकडचे नमन-खेळे आणि जाखडी या लोककलांच्या कॅसेट भरल्या गेल्या. दशावतारातले संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतो. त्यामुळे त्या रात्रीच्या प्रयोगाची कॅसेट हीच बहुधा त्याची एकमेव खूण असते. विकत घेतलेल्या रेकॉर्डची दुसरी प्रत कुठे ना कुठे मिळू शकते. म्हणून घरी भरलेल्या कॅसेट आधी उतरवाव्यात, रेकॉर्ड मागून.

दमट हवा आणि बुरशी

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की फितीवर बुरशी धरते, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ती आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांवर असते. कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च तिरका मारून पाहावा. रिळाच्या कडेवर पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नये. बुरशी हेडला (यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. अशी कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात आठ-पंधरा दिवस ठेवावी. कोरडी झाल्यावर पडवीत किंवा अंगणात बसून, नाकातोंडावर मास्क बांधून, धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाच्या घडीतून फीत सावकाश गुंडाळून घ्यावी. सुकवण्यासाठी उन्हात ठेवू नये, खोके वाकडे होते. या कामाला दिवाळी ते शिमगा हा काळ उत्तम.

कॅसेटची तयारी

सर्वांत आधी मागच्या कडेवरचे प्लास्टिकचे छोटे चौकोन मोडावेत, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी मजकूर पुसला जात नाही. मग एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे गुंडाळावी. सी-६० ला (साठ मिनिटांच्या कॅसेटला) हे सोसते, पण सी-१२० ची (एकशेवीस मिनिटांची) फीत फार पातळ असल्याने ती पेन्सिल घालून हातानेच फिरवावी.

आवाज दबका येऊन मध्येच चढ-उतार करत असेल, तर फितीमागचा फेल्टचा पॅड पाहावा. दमटपणाने त्याचा गोंद सुटतो, पॅड पडतो आणि फीत हेडला नीट टेकत नाही. स्क्रूने जोडलेल्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात दोन्ही रिळे हलवणे हा खात्रीचा उपाय. तुटलेली फीत जोडायला साधा सेलोटेप वापरू नये. त्याचा गोंद पाझरून शेजारचे वेढे चिकटतात. फीत जोडण्यासाठी मिळणारी खास पट्टी हेडला न लागणाऱ्या आतल्या बाजूने लावावी.

यंत्र

जुन्या डेकचा (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचा) रबरी बेल्ट सैल झाला की सूर डुलतो, तो बदलावा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावे. हेडशेजारचा छोटा स्क्रू हेडचा कोन ठरवतो. कॅसेट वाजत असताना तो किंचित फिरवून झांज सर्वांत लख्ख ऐकू येईल तिथे थांबवावा. कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असल्याने हा कोन प्रत्येक वेळी वेगळा लागू शकतो. ही पायरी सगळे गाळतात, आणि आवाजात सर्वांत मोठा फरक हिच्यानेच पडतो.

जोडणी व उतरवणे

लॅपटॉपच्या माइक सॉकेटात थेट पिन घालू नये. ते बहुधा मोनो असते आणि डेकचा जोरकस सिग्नल त्यात फाटतो. स्टिरिओ लाइन-इन (डेकसारख्या यंत्राचा जोरकस सिग्नल घेणारे सॉकेट) असलेले यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करावे, बऱ्याचदा तेवढ्याने तो जातो. शिवाय मध्येच वीज गेली तरी लॅपटॉप बंद पडत नाही.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ध्वनीचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवून सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी लावावी. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, हळू भरलेला वाढवता येतो. स्टिरिओ डब्ल्यूएव्ही फाइलला मिनिटाला सुमारे १७ एमबी लागतात, म्हणजे सी-६० ला साधारण १ जीबी.

वेग

रात्रभराच्या प्रयोगात टू-इन-वनचे सेल उतरत जात आणि मोटर मंदावे. मंद भरलेली फीत योग्य वेगाने वाजवली की आवाज चढा व घाईचा येतो. म्हणून शेवटच्या कॅसेटमधला राजा पहिल्या कॅसेटपेक्षा पातळ आवाजात बोलताना ऐकू येतो. पायपेटीचा सूर रात्रभर तोच असतो. पहिल्या कॅसेटमधल्या पेटीशी जुळवून पुढच्यांचा वेग सॉफ्टवेअरमध्ये कमी करावा. यंत्र विजेवर चालवून भरलेल्या कॅसेटमध्ये विजेची घूं मुळात ५० हर्ट्झची असते. सॉफ्टवेअरने काढलेल्या कंपनसंख्येच्या आलेखात ती ५२ वर दिसली तर वेग ४ टक्के जास्त आहे असे धरावे.

सफाई

मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर काम करावे. खरखर ६ डेसिबलहून जास्त कमी करू नये. त्यापुढे झांजेचा विरत जाणारा नाद खरखरीबरोबर जातो आणि माणसे पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात. मृदंगाच्या थापेनंतर गाणे दबत असेल तर तो टू-इन-वनमधल्या आपोआप पातळी लावणाऱ्या सर्किटचा परिणाम, तो पुसता येत नाही.

रेकॉर्ड

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखी रेकॉर्डला अल्कोहोल लावू नये, लाख विरघळते. एलपीची सुईही तिला चालत नाही, सुमारे ७५ मायक्रॉनची जाड सुई लागते. मॅग्नेटिक कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या चुंबकी भागाला) फोनो प्रीअँप, म्हणजे त्याचा क्षीण सिग्नल वाढवून खर्ज भरून काढणारे यंत्र, हवाच. तो नसेल तर आवाज बारीक आणि खर्जाविना येतो.

जतन

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे ठेवावी. फाइलच्या नावात वर्ष, गाव, जत्रा, मंडळ, कॅसेट क्रमांक आणि बाजू लिहावी. ओळखीचे आवाज गावातल्या वडीलधाऱ्यांना ऐकवून कलाकारांची नावेही टिपून घ्यावीत. उतरवून झालेली कॅसेट टाकून देऊ नये. विकत घेतलेल्या ध्वनिमुद्रणावर भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षे हक्क असतो, तोवर ते परवानगीशिवाय इंटरनेटवर टाकता येत नाही. गावच्या प्रयोगाच्या कॅसेटसाठी मंडळाची आणि कलाकारांची संमती घ्यावी.