दुधाचा रंग, पानाचा चुना आणि लाल झालेली हळद

ओशिवराच्या फर्निचर मार्केटमधून एक जुनं सागवानी स्टूल उचललं आणि ठरवलं, याला झेंडूसारखा पिवळाधम्मक रंग द्यायचा, तोही घरी केलेला मिल्क पेंट. पिवळ्यासाठी हळद आहेच की घरात! दोन चमचे कालवली आणि डोळ्यांदेखत अख्खं भांडं लालभडक. आई ओट्यापाशीच होती, म्हणाली, "अगं, हळदीत चुना घातलास, कुंकूच होणार ना!"

आता चुना कुठून आला, तर मिल्क पेंट म्हणजे नुसतं दूध नव्हे (नुसतं दूध फासलंत तर मुंग्या येतील आणि ओलं फडकं फिरवलं की रंग फडक्यावर). कामाचं असतं ते दुधातलं केसीन हे प्रोटीन, गाईच्या लिटरभर दुधात साधारण २६ ग्रॅम. त्याच्या अतिसूक्ष्म गोळ्या दुधात तरंगत असतात, त्यांच्यावर निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून त्या एकमेकींना चिकटत नाहीत, पण लिंबू पिळून पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास आणला की तो चार्ज संपतो आणि दूध फाटतं. पनीरचंच काम, फक्त दूध साय काढलेलं हवं, नाहीतर रंग तेलकट राहतो.

चोथा धुवायचा आणि त्यात भिजवलेला चुना घालून घोटायचा, पाच वाट्यांना साधारण एक वाटी. ग्लोव्ह्ज आणि चष्मा घालूनच, चुना डोळ्यात गेला तर खेळ नाही. थोड्या वेळात तो कणीदार चोथा आपोआप सैल होऊन मधासारखा वाहायला लागतो, मला तर रंगवण्यापेक्षा हेच बघायला जास्त आवडतं. केसीन चुन्यासारख्या अल्कलीत विरघळून चांगला चिवट गोंद होतो, पहिल्या महायुद्धातल्या लाकडी विमानांचे सांधे केसीनच्याच ग्लूने जोडलेले असायचे. पुढे रंग वाळला की उरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू चुनखडी होतो, म्हणून हा रंग मुरेल तसा पक्का होत जातो.

पण चुन्याचा पीएच १२ च्या वर. हळदीतलं करक्युमिन तिथे लाल होतं, शिवाय उन्हात उडतं ते वेगळंच. टिकतात ते मातीचे रंग: गेरू, पिवळी माती, हार्डवेअरवाल्याकडचं रेड ऑक्साइड. निळ्यासाठी अल्ट्रामरीनची पावडर.

दुसऱ्या खेपेला पिवळी माती घातली, रंग मस्त आला आणि दोन दिवसांत पायांवरून पापुद्रे सुटले! कारण जुनं पॉलिश. हा रंग लाकडाच्या छिद्रांत शिरून धरतो, पॉलिशवर नुसता बसतो आणि वाळताना आकसला की तडकतो. आधी पाण्याचा थेंब टाकून बघायचं, गोल राहिला तर पॉलिश पेपर घासायचाच, लाकूड उघडं होईपर्यंत. स्टुलावर जुना ऑइल पेंट असेल तर मात्र कोरडं घासू नका, त्यात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली.

उरलेला रंग ठेवू नका, एक-दोन दिवसांत नासतो, दूधच ते. वर मी अळशीच्या तेलाचा हात दिला, पिवळा लगेच गडद झाला. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं होतं, ते आठवल्यावर धावत जाऊन दोरीवर पसरून वाळत घातलं, कारण हे तेल वाळताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपलं आपण पेट घेऊ शकतं.