बहात्तर घनफूट आणि दहा टन

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, सहा फूट उंच. हाँगकाँगहून निघणाऱ्या जहाजात एका प्रौढ चिनी प्रवाशाला निदान एवढी जागा मिळालीच पाहिजे, असं ब्रिटिश संसदेने 1855 साली कायद्यात लिहिलं. कायद्याच्या भाषेत 12 चौरस फूट आणि 72 घनफूट. एका फळीवर अंग टाकावं आणि डोक्यावर दुसऱ्या मजल्याचं छत यावं, इतकीच ही जागा.

ती पुरेशी होती का? गणित करून पाहू. 72 घनफूट म्हणजे सुमारे 2,000 लिटर हवा. स्वस्थ पडून असलेला माणूस तासाला 15 ते 20 लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. सगळी झडपं बंद झाली, तर दर तासाला हवेतला हा वायू जवळपास एक टक्क्याने वाढतो. पाच तासांत डोकं ठणकू लागतं, धाप लागते. त्यात प्रत्येक शरीर साधारण 80 ते 100 वॉटची उष्णता सोडत असतं. दक्षिण चिनी समुद्राच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. म्हणजे माणूस जगतो तो घनफुटांवर नव्हे, वाहत्या हवेवर. शिडाच्या कापडाची लांब नळकांडी डेकवरून खाली सोडत, ती यासाठीच.

त्याच 1855 च्या ऑक्टोबरात ‘वेव्हर्ली’ हे अमेरिकी जहाज चिनी मजूर घेऊन पेरूकडे निघालं होतं. कप्तान वाटेत वारला, जहाज मनिलाजवळ थांबलं, मजुरांमध्ये गडबड झाली. त्यांना खाली ढकलून झडपं लावण्यात आली. ती उघडली तेव्हा अडीचशेहून जास्त माणसं मेलेली होती. मृतांचा हा आकडा मला वरच्या गणिताचा भीषण ताळा वाटतो.

हाँगकाँगचा कायदा कागदावर बराच नेटका होता. जहाज समुद्रात टिकेल का, तांदूळ-पाणी-सरपण पुरेसं आहे का, डॉक्टर आहे का, आणि आपण कुठे चाललो आहोत हे प्रवाशांना ठाऊक आहे का, हे तपासून स्थलांतर अधिकाऱ्याने दाखला द्यायचा होता. पण ब्रिटिश बंदरं आणि ब्रिटिश जहाजं यांच्यापलीकडे त्याचा हात पोचत नव्हता. क्युबा-पेरूचा मजूरव्यापार मग पोर्तुगीजांच्या मकाऊत एकवटला आणि 1874 पर्यंत तिथे चालू राहिला.

आता दुसरं माप. जहाजाचा ‘टन’ हे तेव्हा वजन नव्हतं. 1854 च्या ब्रिटिश कायद्याने जॉर्ज मूर्सम यांची मोजणीची पद्धत स्वीकारली आणि 100 घनफूट आतली जागा म्हणजे एक टन ठरला. 1855 च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीने याच टनाचं कुंपण केलं: दर दहा टनांमागे एकच चिनी प्रवासी, शिवाय माणशी 10 पौंड कर. दहा टन म्हणजे 1,000 घनफूट. 600 टनांच्या जहाजाची अर्धी जागा जरी प्रवाशांना दिली, तरी 72 च्या हिशेबाने चारशेच्या वर माणसं बसत. व्हिक्टोरियाच्या हिशेबाने साठ.

दोन्ही कायदे एकाच साम्राज्याचे, एकाच वर्षीचे, एकाच माणसाबद्दलचे. त्याच्या श्वासाला 72 घनफूट पुरतात, पण तो किनाऱ्यावर उतरणार म्हटलं की 1,000 लागतात. ही हवेची काळजी नव्हती, हे मला तरी स्पष्ट दिसतं. न्यूझीलंडने 1881 साली हेच दहा टनांचं माप घेतलं, 1888 साली ते शंभर टन केलं आणि 1896 साली दोनशे. एका माणसामागे 20,000 घनफूट!

व्हिक्टोरियाच्या कायद्यातून कप्तानांनी वाट शोधली ती शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात. 1857 साली रोब या छोट्या बंदरात हजारो चिनी उतरले आणि तिथून व्हिक्टोरियाच्या सोन्याच्या खाणींकडे सुमारे 400 किलोमीटर चालत गेले, कावडीला सामान बांधून. त्या वर्षाच्या मध्यालाच दक्षिण ऑस्ट्रेलियानेही तसाच कायदा करून हे दार लावायला घेतलं. पण त्याआधी एका तुकडीला वाटेवरच सोनं सापडलं होतं. ती जागा म्हणजे आजचं अ‍ॅरारॅट शहर.