शेतरस्त्याचा मुरूम कुणी टाकायचा? खानदेशातल्या एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

पावसाळा तोंडावर आला की रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात शेतरस्त्याच्या वर्गणीवरून बांधशेजाऱ्यांत वाजतं. रस्ता हवा, यावर सगळ्यांचं एकमत असतं. मुरमाचे आणि जेसीबीचे पैसे निघाले की मात्र तीन मतं पडतात. डांबरी रस्त्याला लागून वावर असलेला पुढचा खातेदार म्हणतो, “आप्पा, माझं वावर तर सडकेलाच आहे. जागाही मीच सोडू आणि पैसेही मीच देऊ?” शेवटच्याला वाटतं, सगळ्यांनी सारखे काढावेत. मधल्यांना एकराप्रमाणे वाटणी हवी असते, अर्थात ज्यांचे एकर कमी त्यांनाच. बाहेरच्याला यात निव्वळ हट्ट दिसतो. माझ्या मते यात माणसांपेक्षा कागदाचा दोष जास्त आहे, आणि तो कागद पावणेदोनशे वर्षांपूर्वीपासूनचा आहे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८५२ च्या सुमारास जमिनीची पाहणी सुरू झाली, तेव्हा सावदा, यावल, चोपडा भागातल्या शेतकऱ्यांनी ती उधळायला बघितली होती. तरी मोजणी झालीच, आणि तिच्यातून गावनकाशे आले. ही मोजणी ३३ फुटी साखळीची. साखळीचे आणे सोळा, आणि ३३ गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा. नकाशात दुहेरी तुटक रेषेचा गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट रुंद धरतात, तर एकेरी तुटक रेषेचा पायमार्ग सव्वाआठ फूट. म्हणजे अर्धी साखळी आणि पाव साखळी. आजही तलाठ्याकडे नकाशा उघडला की वाद याच आकड्यांवर येऊन थांबतो.

पण या रेषा मुख्यतः एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या वाटांच्या. गाडीमार्गावरून आत स्वतःच्या वावरात जायचं ते शेजाऱ्याच्या बांधावरून, वहिवाटीने. ज्वारी-कपाशीच्या कोरडवाहू शेतीत ते निभत होतं. माल निघेपर्यंत आजूबाजूची रानं मोकळी झालेली असत, आणि बैलगाडी कुणाच्याही वावरातून आडवी गेली तरी फारसं कुणी बोलत नसे.

पैशाचं म्हणाल तर शेतकरी रस्त्यासाठी तेव्हाही देतच होता. १८६९ च्या लोकल फंड कायद्याने जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा उपकर बसला. त्यातला एक तृतीयांश शाळांना, उरलेला मुख्यतः रस्त्यांना. मात्र हे रस्ते बाजारपेठांचे आणि नव्या रेल्वे स्टेशनांकडे जाणारे. बांधावरच्या वाटेला त्यातलं काही आलं नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, तेव्हाही उपकर राहिला आणि रस्त्यांना क्रमांक मिळाले. शेतरस्ता बहुतेक ठिकाणी बिनक्रमांकाचाच राहिला. ज्याला क्रमांक नाही त्याला डांबर नाही, हे कुठलाही ग्रामपंचायत सदस्य सांगेल.

कायद्याने जाण्याचा हक्क मात्र सांभाळला. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले; मामलेदार न्यायालय कायदाही त्याच वर्षाचा. चालू रस्ता कुणी अडवला तर त्याच्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. रस्ताच नसेल, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३: तहसीलदार स्थळपाहणी करून बांधावरून वाट देतो. आदेशात बहुधा दोन्ही बांधांकडून निम्मी-निम्मी जागा धरलेली असते. त्यावर मुरूम कुणी टाकायचा, याबद्दल एक ओळ नसते. आदेश हातात, गाडी चिखलात.

दरम्यान वावरं फाटत गेली. एका गटाचे चार भावांत चार हिस्से झाले की मागच्या तिघांना वाट उरत नाही, आणि ती मागायची तर सख्ख्या भावाकडेच. त्यात केळी आली. विहिरी, कूपनलिका आणि ठिबकमुळे शेजारचं रान बाराही महिने उभं असतं, त्यामुळे आडवं जाणं संपलं. केळीची काढणी भर पावसातही चालते. काळ्या मातीत मालवाहू गाडी आत येत नाही, मग मजूर घड डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत आणतात. वाहतुकीची मजुरी वाढते, घड खरचटतात, आणि व्यापारी भाव पाडून मागतो. या नुकसानीची झळ शेवटच्या खातेदाराला सगळ्यात जास्त, पुढच्याला जवळपास नाहीच. सारखी वर्गणी पुढच्याला पटत नाही ती यामुळे.

सरकारी पैसा आलाच नाही असं नाही. रोजगार हमीतून, पुढे मनरेगातून मातीकाम झालं. पण मनरेगात मजुरीला किमान ६० टक्के आणि साहित्याला जास्तीत जास्त ४० टक्के, असं प्रमाण होतं. शेतरस्त्याला लागतो तो नेमका मुरूम, खडी आणि रोलर. २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेने मनरेगाच्या पैशाला इतर निधीची जोड देऊन पाहिली. तिथेही रस्ता आधी अतिक्रमणमुक्त हवा, म्हणजे पुन्हा पुढच्याच्या दारात जाणं आलं.

मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ता किमान तीन मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी, असं ठरवलं. बैलगाडीच्या मापातून रस्ता ट्रॅक्टरच्या मापात आला, हे मोठंच काम. पण रुंदी वाढली की भरावही वाढतो. ट्रॉल्या किती आणि कुणाच्या नावावर, हे अजून गावातल्या बैठकीतच ठरतं. काही ठिकाणी आता पाचशेच्या स्टॅम्पवर हिस्से लिहून घेतात: जागा देणाऱ्याला वर्गणी माफ, बाकीच्यांनी एकराप्रमाणे. हा तोडगा मला त्यातल्या त्यात रास्त वाटतो. दुसऱ्या पावसाळ्यात मुरूम खाली बसल्यावर परत भरायचा कुणी, हे मात्र त्या स्टॅम्पवरही सहसा लिहिलेलं नसतं.