अर्धं छापलेलं, अर्धं रंगवलेलं: यांगल्यूचिंगचं चित्र फ्रेमला देण्याआधी

गुबगुबीत बाळ, त्याच्या कवेत मोठा मासा, बाजूला कमळ. चीनमधून आणलेलं हे चित्र फ्रेमला देताना बहुतेक जण त्याला ‘प्रिंट’ म्हणतात. ते निम्मंच खरं आहे. तियानजिनजवळच्या यांगल्यूचिंगची ही नववर्षाची चित्रं आधी लाकडी ठशानं छापतात आणि मग हातानं रंगवतात. छापलेली काळी रेघ दणकट असते, पण वरचा रंग पाण्यानं सुटू शकतो. फ्रेम कशी करायची, हे यावरच ठरतं.

ठसा नासपतीच्या जातीच्या घट्ट लाकडाचा असतो. त्यावर काजळीची शाई लावून कागद पसरतात आणि कागदाच्या पाठीवर काथ्याची सपाट घासणी फिरवतात. रंगवताना कारागीर दोन कुंचले वापरतो, एक रंगाचा आणि एक नुसत्या पाण्याचा. गालावर गुलाबी टेकवला की तो ओला असतानाच पाण्याचा कुंचला फिरवून कड विरवून टाकतो. सूचौ शहरातलं थाओह्वावू हे अशा चित्रांचं दुसरं केंद्र, तिथे रंगही मुख्यतः ठशांनीच छापतात. म्हणून यांगल्यूचिंगची खरी ओळख हातानं रंगवलेल्या त्या चेहऱ्यांत आहे.

चित्र हाताचं आहे का, हे 10 पट भिंगातून कळतं. गालाची लाली कुठे संपते ते सापडत नाही, रंग कुठेकुठे काळ्या रेघेच्या बाहेर गेलेला दिसतो आणि कागदाच्या पाठीवर शाई उमटलेली असते. सगळीकडे बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती यंत्रावरची प्रत. तिला इतक्या जपणुकीची गरज नाही, फ्रेमचा खर्चही कमी करता येईल.

दारावर लावायच्या द्वारपालांच्या चित्रांची जोडी असेल तर डावं-उजवं नीट बघा. हे दोघे चीनच्या थांग घराण्याचा सम्राट थायझोंग याचे (राज्यकाळ 626–649) सेनापती: गोऱ्या चेहऱ्याचा छिन छ्योंग आणि काळ्या चेहऱ्याचा युची गोंग. दाराच्या दोन फळ्यांवर ते समोरासमोर तोंड करून उभे असतात. फ्रेमा उलट टांगल्या की दोघे एकमेकांकडे पाठ फिरवतात. जोडी एकाच मापात करा, दोघांपैकी एकाचीच फ्रेम करू नका. बाळ-माशाच्या चित्रात मात्र अर्थ उच्चारात आहे. चिनीत ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ दोन्हींना ‘यू’ म्हणतात, कमळ आणि ‘सलग’ दोन्हींना ‘ल्येन’. म्हणजे वर्षामागून वर्ष घरात काही उरो. त्यामुळे माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) कापताना कडेचं कमळ झाकलं, तर अर्धी शुभेच्छाच जाते.

आम्ही चित्र बोर्डावर पूर्ण चिकटवत नाही, कुणी आग्रह केला तरी. पांढरा सिंथेटिक गोंद वाळल्यावर सुटत नाही, आणि पावसाळ्यात कागद फुगतो पण चिकटलेला भाग हलत नाही, म्हणून सुरकुत्या पडतात. लॅमिनेशनच्या उष्णतेनं आणि चिकट थरानं होणारं नुकसानही भरून येत नाही. त्याऐवजी वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची खळ (1 भाग स्टार्च, 5 भाग पाणी, मंद आचेवर 20–25 मिनिटं ढवळत शिजवलेली), मागे आम्लरहित बोर्ड. चित्र नुसतं लोंबतं राहतं आणि हवेप्रमाणे मोकळेपणी हलतं. काच आणि चित्र यांत 4–5 मिमी अंतर हवंच. काच टेकली की दमट दिवसांत रंग तिला चिकटतो, आणि काढताना चेहऱ्यावरचा पांढरा पापुद्रा काचेबरोबर निघतो.

कागद फाटला असेल तर पाठीला अस्तर लावावं लागतं, आणि त्यात कागद ओला होतो. म्हणून आधी प्रत्येक रंगाच्या कोपऱ्यावर ओलसर कापसाचा बोळा क्षणभर टेकवून बघतो. बोळ्यावर रंग आला, तर ओलं अस्तर लावत नाही. फाट कोरड्या पट्टीनं धरून ठेवतो. ती थोडी दिसते, पण चित्र वाचतं.

घरी बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, कोकण-मुंबईच्या पावसात तर नाहीच. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना 10 मिमीचे बुचाचे तुकडे लावा, हवा खेळते. आर्द्रता बराच काळ 65–70 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि कसर खळीवर तुटून पडते. प्रकाश मंद, 50 लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपास ठेवा. वनस्पतींपासून केलेले लाल-पिवळे रंग आधी उडतात, काजळीची रेघ तशीच राहते. मग चित्र खरंच नुसतं प्रिंट दिसू लागतं.

चित्र आणताना घडी घालू नका. 10 सेंमी व्यासाच्या नळीवर, मध्ये साधा आम्लरहित कागद घालून, चित्राची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा.