व्हॉट्सअ‍ॅप उघडताच बंद? व्हायरस नव्हे, भो!

‘मोबाईलमा व्हायरस घुसना भो, फॉरमॅट मार!’ अमळनेरच्या बाजारात व्हॉट्सअ‍ॅप उघडताच बंद पडलं की हा सल्ला हमखास मिळतो. वर्षानुवर्षं चालत आलाय, आणि बहुतेक वेळा चुकीचा असतो.

परवा काकांचा फोन हातात घेतला. स्टोरेज बघितलं तर ३२ जीबीपैकी जेमतेम २०० एमबी मोकळी. आत काय? कापसाच्या भावाचे फोटो, भरीत पार्टीचे व्हिडिओ आणि रोजची ‘शुभ सकाळ’, तीही चार ग्रुपवरून चारदा. प्रत्येक मेसेज फोनमधल्या डेटाबेसमध्ये लिहावा लागतो. लिहायला जागाच नसेल तर अ‍ॅप आडवं होतं. व्हिडिओ उडवले, फोन बंद करून चालू केला, काम झालं. फॉरमॅट मारला असता तर बॅकअप नसलेल्या गप्पा गेल्या असत्या.

जागा असूनही बंद पडत असेल तर प्ले स्टोअरवरून अपडेट करा, मग कॅशे, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या फाईल, साफ करा. कॅशे साफ केल्याने गप्पा जात नाहीत. शेजारचं ‘डेटा साफ करा’ मात्र बॅकअपशिवाय दाबू नका. दोन्ही बटणं इतकी जवळ ठेवणाऱ्याला काय म्हणावं!

कधी दोष फोनचाही नसतो. मार्च २०२१मध्ये अँड्रॉइडच्या वेबव्ह्यू या, इतर अ‍ॅपच्या आत वेबपानं दाखवणाऱ्या, भागातल्या गडबडीने जगभर जीमेलसकट कितीतरी अ‍ॅप धडाधड बंद पडत होती. गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोमचं अपडेट दिलं, तेव्हा ती सुरळीत झाली.