बोलोन्या: विद्यार्थ्यांच्या संघातून घडलेले विद्यापीठ

युरोपातील सर्वांत जुने विद्यापीठ म्हणून इटलीतील बोलोन्याचे नाव घेतले जाते आणि त्याचे स्थापनावर्ष १०८८ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या वर्षी कोणी सनद दिली किंवा कोनशिला बसवली, असे काही घडलेले नाही. एकोणिसाव्या शतकात, इटली एक राष्ट्र म्हणून नुकतीच उभी राहिलेली असताना, कवी जोसुए कार्दुच्ची यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हे वर्ष मुक्रर केले आणि १८८८ मध्ये आठशे वर्षांचा उत्सव थाटात पार पडला. तारीख सोयीची असली तरी अगदीच निराधार नाही, कारण अकराव्या शतकाच्या अखेरीस या शहरात रोमन कायद्याचे अध्यापन सुरू झाले होते. पुढे इर्नेरियस या पंडिताने सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंग्रहावर टीपा लिहून ते नावारूपाला आणले.

कायदा शिकण्यासाठी आल्प्सपलीकडूनही तरुण येऊ लागले आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. परक्या माणसाला शहराच्या कायद्याचे संरक्षण नव्हते. एखाद्या जर्मन व्यापाऱ्याने कर्ज बुडवले, तर त्याच्या गावच्या कोणत्याही विद्यार्थ्याकडून ते वसूल करण्याची रीत होती. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने ११५८ च्या सुमारास काढलेल्या फर्मानाने ही रीत बंद केली, विद्यार्थ्यांना निर्धास्त प्रवासाची हमी दिली आणि आपल्यावरील खटला गुरूपुढे चालवायचा की बिशपपुढे, ही निवडही त्यांच्याकडे सोपवली. पण सम्राट दूर होता आणि घरमालक जवळ. म्हणून परदेशी विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रांतानुसार गट बांधले आणि त्या गटांचे मिळून संघ झाले. अशा संघाला लॅटिनमध्ये ‘उनिवेर्सितास’ म्हणत. कारागिरांच्या संघालाही हाच शब्द लावला जाई. आपल्या ‘विद्यापीठ’ या शब्दात बैठक आहे, स्थान आहे. मूळ शब्दात मात्र फक्त माणसांचा समुदाय होता.

या संघाचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, विद्यार्थ्यांतूनच निवडला जाई. बोलोन्याचे स्थानिक विद्यार्थी संघाचे सदस्य नसत, कारण नागरिक म्हणून त्यांना संरक्षण होतेच; प्राध्यापकही सदस्य नसत. त्यांचे मानधन विद्यार्थीच देत, त्यामुळे त्यांच्यावर नियमही विद्यार्थ्यांचेच चालत. घंटा झाल्यावर उशिरा आलेल्या किंवा वेळ संपल्यावरही बोलत राहिलेल्या प्राध्यापकाला दंड होई. (आजच्या कित्येक वर्गांना हा नियम हेव्याचा वाटेल.) पदवीवर मात्र या संघाचा अधिकार नव्हता: परीक्षा प्राध्यापकांचे मंडळ घेई आणि १२१९ मध्ये पोप होनोरियस तिसरे यांनी, शहराच्या आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालील वरिष्ठ धर्माधिकाऱ्याच्या, संमतीवाचून कोणालाही पदवी देऊ नये, असे ठरवून दिले.

विद्यार्थ्यांचे हत्यार साधे होते: शहर सोडून जाणे. स्वतःची इमारत नव्हती, वर्ग भाड्याच्या खोल्यांत किंवा गुरूच्या घरी भरत, त्यामुळे उठून जाणे सोपे होते. आणि ते गेले की घरमालक, खाणावळवाले आणि पोथ्या नकलून देणारे यांचा धंदा बसे. १२२२ मध्ये बोलोन्यातून बाहेर पडलेल्या विद्यार्थी-शिक्षकांनीच पादुआचे विद्यापीठ सुरू केले. अशा स्थलांतरांना धास्तावलेल्या नगरसभेने तेराव्या शतकाच्या अखेरीस काही प्राध्यापकांना स्वतःच पगार द्यायला सुरुवात केली. मानधनाची थैली हातातून गेल्यावर विद्यार्थ्यांचा वचकही हळूहळू कमी झाला.

विद्यापीठाला सर्व वर्ग एका छताखाली आणणारी इमारत मिळाली ती थेट १५६३ मध्ये. तोवर शहर पोपच्या सत्तेखाली आले होते आणि आर्किजिन्नासिओ नावाची ही वास्तू पोप पायस चौथे यांच्या काळातच बांधली गेली. १८०३ मध्ये विद्यापीठ तेथून हलले आणि पुढे तिथे शहराचे ग्रंथालय आले. पण ठिकठिकाणांहून आलेल्या विद्यार्थ्यांची हजारो कुलचिन्हे, त्यांच्या नावांसह, तिथल्या भिंतींवर आणि छतांवर आजही पाहायला मिळतात.