घोड्याच्या पायावरील रेंगाळणाऱ्या जखमा

घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली किंवा मागच्या पायाला हॉकच्या (माणसाच्या घोट्याशी जुळणाऱ्या) सांध्याखाली झालेली आणि आठवडे उलटले तरी कातडी न धरणारी जखम म्हणजे रेंगाळणारी किंवा जुनाट जखम. तारेत पाय अडकणे, पत्र्याने कापणे, दुसऱ्या घोड्याची लाथ बसणे ही तिची नेहमीची कारणे. त्याच घोड्याच्या छातीवर किंवा पुठ्ठ्यावर याहून मोठी जखम झाली, तर ती पाहता पाहता आक्रसते आणि मागे बारीकसा वण उरतो. नळीवरची, म्हणजे गुडघ्या-हॉकखालच्या लांब हाडावरची, तळहाताएवढी जखम मात्र महिनोन्‌महिने उघडी राहू शकते.

याचे मूळ पायाच्या रचनेत आहे. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), अस्थिबंध (हाडे एकमेकांना बांधणारे पट्टे) आणि त्यांवर घट्ट ताणलेली कातडी, एवढेच. रक्तपुरवठा बेताचा असतो, पावलागणिक जखमेच्या कडा ओढल्या जातात आणि माती-शेण तर हाताच्या अंतरावर. धडावरची जखम मुख्यतः आकुंचनाने बंद होते, म्हणजे भोवतालची केसाळ, पूर्ण जाडीची कातडी आत ओढली जाते. पायावर ही ओढ दुबळी पडते. उलट पहिल्या एक-दोन आठवड्यांत कातडीच्या ताणामुळे जखम रुंदावते आणि उपचार चुकल्याची शंका मालकाला येते. पण हे रुंदावणे अपेक्षितच असते. उरलेले काम उपकलेवर, म्हणजे कडेकडून सरकत येणाऱ्या नव्या पातळ कातडीवर पडते. कुशीवर ती दिवसाला सुमारे ०.२ मिलिमीटर सरकते, पायावर जेमतेम ०.०९. या वेगाने चार सेंटीमीटर रुंदीची जखम केवळ उपकलेने झाकायची, तर दोन्ही कडांनी चालूनही सात महिने लागतील.

दाहाची तऱ्हाही वेगळी असते. पोनी जातीच्या लहान घोड्यांत जखमेनंतर पांढऱ्या पेशी झपाट्याने आणि जोमाने धावून येतात, घाण लवकर साफ होते आणि जखम चांगली आक्रसते. मोठ्या घोड्यांत हा दाह सुरुवातीला मंद असतो आणि नंतर दीर्घकाळ धुमसत राहतो. या धुमसण्यातूनच ‘प्राउड फ्लेश’ उद्भवते: जखम भरून काढणारे लाल, दाणेदार मांस (ग्रॅन्युलेशन ऊतक) कातडीच्या पातळीला थांबत नाही, फुलकोबीसारखे वर येते. पाहणाऱ्याला ते जोमदार वाढ वाटते, पण ती अडकलेली भरणी आहे. या उंचवट्यावर उपकलेला चढता येत नाही आणि आकुंचनही थांबते.

म्हणून जखम अडली की मलम बदलण्याआधी ती का अडली हे शोधावे लागते. उपचारातला सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग हाच. नळीच्या हाडावर मांसाचे आच्छादन नसल्याने मार लागून पर्यस्थिकला (हाडावरचे पातळ आवरण) सोलली गेली, की हाडाच्या बाहेरच्या थराचे रक्त तुटते आणि त्याचा कपचा मरतो. हा मृतास्थिखंड आत असेपर्यंत जखम वरून मिटते, पुन्हा फुटते, पू वाहत राहतो. सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात तो दिसत नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चित्र काढावे लागते. आत राहिलेली लाकडाची काडी, कुजलेला कंडरेचा तुकडा, जंतूंचा चिकट थर हीही कारणे असतात. जखम सांध्याजवळ किंवा कंडरेच्या आवरणाजवळ असेल, तर ती आत पोहोचली आहे का हे पहिल्याच दिवशी पाहायला हवे. पशुवैद्य जखमेपासून दूर, स्वच्छ जागेतून सांध्यात निर्जंतुक द्राव सोडतात. तो जखमेतून बाहेर आला तर प्रश्न जखमेचा राहत नाही, सांधा आणि घोडा वाचवण्याचा होतो.

काही वेळा जी जखम वाटते ती निराळाच रोग असतो. माश्यांनी आणलेल्या हॅब्रोनेमा कृमीच्या अळ्यांमुळे उन्हाळी व्रण होतात. पाणथळ जागी पिथियम या बुरशीसारख्या जीवामुळे होणाऱ्या व्रणात पिवळट, पोवळ्यासारखे कडक खडे सापडतात आणि घोडा खाजेने तो चावून काढतो. गाईगुरांतल्या पॅपिलोमा विषाणूशी निगडित सार्कॉइड ही गाठ जुन्या जखमेतही उगवते. प्राउड फ्लेश कापूनही पुन्हापुन्हा येत असेल, तर त्याचा तुकडा तपासणीला पाठवलाच पाहिजे. म्हाताऱ्या घोड्यात पोषग्रंथीचा विकार (कुशिंग) भरणी मंदावतो, हेही लक्षात ठेवावे.

प्रत्यक्ष उपचाराची सुरुवात धुण्याने होते. जखमेत जेल भरून भोवतालचे केस कापतात, मग बेताच्या दाबाने भरपूर सलाइन सोडतात. जंतुनाशक वापरायचे तर अगदी पातळ: पोव्हिडोन आयोडीन ०.१ टक्का, क्लोरहेक्सिडीन ०.०५ टक्का. दाट द्रावण जंतूंबरोबर नव्या पेशीही मारते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस समाधान देतो, जखमेला देत नाही. मोरचूद, चुना यांसारखी दाहक द्रव्ये मांस जाळतात खरी, पण कडेची कोवळी उपकलाही जाळतात. महिनाभराची कमाई एका दिवसात जाते. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, तेव्हा लस झाली आहे ना हे जखम लहान असली तरी पाहावे.

वर आलेले मांस धारदार पात्याने कातडीच्या पातळीपर्यंत किंवा किंचित खाली छाटणे हा सर्वांत साधा आणि खात्रीचा मार्ग. या मांसात मज्जातंतू नसल्याने छाटणे दुखत नाही, मात्र रक्त भळाभळा वाहते, म्हणून दाबपट्टी तयार ठेवूनच हात घालतात. कडेच्या फिकट गुलाबी पट्ट्याला पाते लागू द्यायचे नाही.

पट्टीबाबत मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पट्टी जखमेला घाण, कोरडेपणा आणि ओढ यांपासून वाचवते, पण बांधलेल्या पायावर प्राउड फ्लेश अधिक वाढते. त्यामुळे सुरुवातीला न चिकटणारे आवरण, त्यावर कापसाचा जाड थर आणि बाहेर ताणपट्टी बांधतात. मांस पातळीला आले की सिलिकॉनचे आवरण वापरणे किंवा पट्टी सोडणे यांचा विचार करतात. घट्ट आणि असमान पट्टीने कंडरा दुखावते, हे विसरून चालत नाही. खुराच्या टाचेजवळ किंवा सांध्यावर हालचालच शत्रू असते. तिथे दोन-तीन आठवड्यांचे प्लास्टर अनेक मलमांना भारी पडते. संसर्ग खोल असेल, तर वर आवळपट्टी बांधून त्याखालच्या शिरेतून प्रतिजैविक देतात; औषध पायातच साठून प्रभावी मात्रा गाठते.

एवढे करूनही जखम मोठी उरली तर त्वचारोपण. मानेवर आयाळीखालून किंवा छातीवरून कातडीचे बारीक तुकडे काढून सपाट, निरोगी दाणेदार मांसात थोड्याथोड्या अंतरावर खोचतात. वरचा थर गळून पडल्याने पहिल्या दिवसांत सारे वाया गेल्यासारखे दिसते. काही आठवड्यांत प्रत्येक तुकड्याभोवती गुलाबी वर्तुळ पसरू लागते. काही तुकडे दगावतातच, म्हणून गरजेपेक्षा जास्त लावतात. अशा भरलेल्या जागेवर केस विरळ आणि विखुरलेले येतात. नुसत्या उपकलेने झाकलेला वण तर केसाविना, पातळ आणि ठिसूळ राहतो. किरकोळ खरचटण्यानेही तो पुन्हा फुटतो, त्यामुळे कामाला जुंपताना किंवा मोकळे सोडताना त्या पायाला संरक्षक पट्टा बांधतात.